डबीतलं सुपारीचं खांड

“मॅडम, आधी जेवून घ्या, मग ती घाण उघडा,” असं म्हणत अप्पांनी माझ्यासमोर आंबिलीचा पेला ठेवला.

“अप्पा, घाण नाही ती. नमुना आहे.”

“तुमच्या पुण्यात नमुना. आमच्यात घाणच म्हणत्यात तिला.”

मी हसले, पण माझं सगळं लक्ष बर्फाच्या पेटीकडे होतं. सकाळी लातुरात भरलेला बर्फ आता आत डुचमळायला लागला होता. मुनीरभाई, म्हणजे आमचे जीपवाले, बांधावर उभे राहून सारखे घड्याळ बघत होते. त्यांनाही कुणाच्या तरी शेतावर जेवायला जायचं होतं. त्यात पुण्याहून दाणी सरांचे फोन चालू होते. मी मुळातच उतावळी. आई म्हणायची, हिला जन्माला यायचीसुद्धा घाई झाली होती. त्यामुळे मी एका हातात पेला धरला आणि दुसऱ्या हातानं डब्या पुढे ओढल्या.

तेव्हा मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. पदाचं नाव लांबलचक होतं, काम मात्र एवढंच, की लातूर जिल्ह्यातल्या गावांतून फिरायचं, लोकांच्या शौचाचे नमुने डब्यांतून गोळा करायचे आणि बर्फात घालून पुण्याला न्यायचे. माणसाच्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. आपण खातो त्यावरच ती जगते, आणि अंगात रोगाशी लढायची ताकद कशी घडते, त्यात तिचाही हात असतो. माणूस भाकरी, डाळी, पालेभाज्या, ताक सोडून पाकिटातलं खायला लागला की या वस्तीचं काय होतं, हे आमच्या दाणी सरांना शोधायचं होतं. माझ्या आईनं मात्र मला सांगून आलेल्या एकाही स्थळाला हे काम नीट सांगितलं नाही. ‘आरोग्य खात्यातल्यासारखंच काहीतरी’ म्हणायची आणि पोहे पुढे करायची.

गावातली माणसं आम्हाला भरपूर मिळाली होती, शहरातलीही मिळाली होती. पण शहरात वाढलेलं आणि मग गावात येऊन राहिलेलं मूल एकच होतं, हरणखोरीच्या गुरुलिंगप्पा हालग्यांची नात, ईशा. वय सात. लातुरात असताना तिला दर महिन्याला काहीतरी व्हायचंच. कधी घसा, कधी कान, कधी नुसताच ताप, आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिकची बाटली. बाप नोकरीसाठी दुबईत. आई शिवलीला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात, उजाडताच घराबाहेर पडणारी. लेकराला सकाळी दुधात बिस्किटं, डब्यात ब्रेड-जॅम, संध्याकाळी नूडल्स. शेवटी जूनमध्ये शिवलीलानं तिला वर्षभरासाठी सासऱ्याकडे गावी आणून सोडलं.

अप्पा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाकरी स्वतः थापायचे, आणि ती फुगली नाही तर स्टेअरिंगवर बसल्यासारखी तोंडानं शिवी हासडायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिवाणूंचं सगळं रामायण त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजी पोटात इरजण असतंय म्हणा की.” त्यानंतर मी हे कुणालाही समजावताना अप्पांचंच वाक्य वापरायला लागले.

ईशाच्या पहिल्या डबीत आणि पावसाळा सरताना नेलेल्या दुसऱ्या डबीत जमीन-अस्मानाचा फरक निघाला होता. आधी जे जिवाणू शोधूनही सापडत नव्हते, ते दुसऱ्या डबीत दिसले. दाणी सर फोनवर अक्षरशः ओरडले होते. तिसऱ्या डबीवर त्यांनी सगळी भिस्त ठेवली होती. म्हणून येळवशीच्या दिवशीही त्यांनी मला सुट्टी दिली नाही.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूरकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही, सगळं शहर शेतात असतं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि वाटेनं जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि मग जेवायचं. शेंगादाणे-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि सगळ्यांच्या वर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवायचं, त्यात लसूण-जिरं वाटून घालायचं, ती ही आंबील. अप्पांनी तिच्या मडक्याला घोंगडं गुंडाळून त्याला कोपीत पांडवांच्या शेजारी बसवलं होतं.

कोपीत आम्ही दोघंच होतो. ईशा बाहेर ज्वारीच्या ओळींमधल्या तासांतून पळत होती. मधूनच यायची, पाणी प्यायची, की पुन्हा ज्वारीत नाहीशी.

“अगं, बस की जेवायला,” मी म्हटलं.

“आत्ता आले,” म्हणाली आणि गेली. तिच्या पत्रावळीवर नुसता भात होता. पेला पालथा.

मी हातमोजे घातले. डबीतला नमुना चमच्यानं थोडा काढायचा, औषधाच्या नळीत घालायचा, झाकण लावून पेटीत ठेवायचा. वर्षभरात इतक्या डब्या उघडल्या होत्या, की किळस वगैरे कधीच संपली होती. अप्पांची डबी झाली. मग ‘ईशा’ लिहिलेली घेतली. चमचा घातला आणि काहीतरी टणक लागलं. उजेडात धरून बघितलं. सुपारीचं खांड होतं. शेजारी आणखी एक बारीक तुकडा.

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पानाची चंची उघडून पुन्हा बंद केली.

“अप्पा, ईशा पान खाते?”

“छे हो! लेकरू हाय ते.”

“मग तिच्या डबीत सुपारी कशी?”

बाहेर शेजारच्या शेतातली माणसं ताटाला ताट लावून मोठ्यानं हसत होती. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि विनातिकीट पकडलेल्या प्रवाशासारखे कसनुसे हसले.

“आता काय सांगावं तुमाला. सकाळी लेकराला झालीच न्हाई. तुमी एवढ्या लांबून आलाव, सणाच्या दिवशी. तुमाला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? म्हणून म्हणलं, दोन्ही डब्या आपुनच भरून टाकाव्यात. एकाच घरातलं तर हाय!”

मला इतकं हसू आलं, की नळी हातातून सुटता सुटता वाचली. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून याही बाबतीत पदरमोड करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पुण्यात गेल्यावर सगळ्यांना हे रंगवून सांगायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

“अहो अप्पा, हे काय हळदी-कुंकवाचं वाण आहे का? मला ईशाचाच नमुना हवा. दुसऱ्या कुणाचा चालत नाही.”

“मग ह्या खेपेला राहू द्या.”

“थांबते मी. जेवण झाल्यावर होईल की तिला.”

“न्हाई होयाची.”

“होईल हो. मुलांचं काय—”

“न्हाई म्हणलं ना!”

आवाज एकदम एवढा चढला, की बांधावरच्या मुनीरभाईंनीही मान वळवली. अप्पा माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. ते उठले, कोपीच्या दारात गेले, ज्वारीकडे बघत राहिले. परत आले, मडक्याचं घोंगडं उगाचच नीट केलं, पुन्हा दारात गेले. माझा फोन वाजला. दाणी सर. मी तो कापला.

मला एकदम तो पालथा पेला आठवला.

येळवस होती. त्या दिवशी तान्ह्या पोराच्याही ओठाला आंबील लावतात. ज्या आंबिलीचं कौतुक अप्पांनी मला दर खेपेला ऐकवलं, जिच्यामुळे नातीचा ताप पळाला म्हणून ते गावभर सांगत सुटले होते, ती त्यांनी आज नातीला वाढली नव्हती. आणि नात एका जागी बसत नव्हती. सारखी ज्वारीत जात होती.

“अप्पा,” मी हळूच विचारलं, “ईशाला काय होतंय?”

ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. तसेच म्हणाले, “रगत पडलालंय.”

मी चमचा खाली ठेवला.

“कधीपासून?”

“आठ दिस झाले. संडासात दिसलं मला. इचारलं तर म्हणली, कायबी न्हाई अप्पा. पोट धरून बसतीय, इचारलं की हसतीय.” ते माझ्यासमोर येऊन मटकन खाली बसले. “ही आंबीलच हाय मॅडम. शहरातलं आतडं तिचं. मी म्हातारा भाकरी, ताक, आंबील घालत राहिलो. झेपलं न्हाई लेकराला.”

“असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पायजे? माझ्याच हातचं खातीय ती. आठ दिसापासनं बंद केली आंबील. नुसता भात घालतोय. तरी थांबंना.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“शिवलीलाला कळवलंत?”

“तिला कळवू?” अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना चालत्या गाडीतून उडी मारायला सांगत होते. “लेकराला सोडून जाताना काय म्हणली होती, ठाव हाय? म्हणली, अप्पा, तिला काय झालं तर तुमच्या भाकरीला जबाबदार धरीन. आज ती येवलालीय. हे कळलं तर आजच्या आज घेऊन जाईल आणि जल्मात परत लावून देणार न्हाई.” त्यांनी चंचीची दोरी बोटाला गुंडाळली. “बायको गेल्यापासनं घरात कुणाचा आवाज नव्हता, मॅडम. आता सकाळी उठून अप्पा अप्पा करतीय. ती गेल्यावर मी चूल कुणासाठी पेटवायची?”

मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. लेकराच्या पोटातून रक्त जातंय आणि हा माणूस आवाजाचं काय घेऊन बसलाय!

“दोन दिस,” अप्पा म्हणाले. “मला दोन दिस द्या. मी काढा करतो. आज सणाच्या दिवशी तिच्यापुढं बोलू नका. माझं एवढं ऐका.”

मी डॉक्टर नव्हते. डब्या गोळा करणारी बाई होते. ‘नमुना मिळाला नाही’ असं सरांना सांगून गाडीत बसले असते, तर कुणी मला विचारायला आलं नसतं. पण ईशा तेवढ्यात परत आली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती, इतका हात वाळला होता. मी दोन तास तिथं होते, तिच्याशी बोलले होते, आणि तो हात मला आत्ता दिसत होता. ती गेली. या वेळी पळत नाही, चालत गेली.

“अप्पा, तुम्ही सांगा, नाही तर मी सांगते. दोन दिवस मिळणार नाहीत.”

“मॅडम—”

“रक्त आहे ते, अप्पा.”

बांधाच्या पलीकडे स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

शिवलीला हेल्मेट हातात घेऊन तासांतून चालत आली. तिशीची, उंच, ओठ घट्ट मिटलेली. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून कुरकुऱ्यांची आणि केकची चकचकीत पाकिटं डोकावत होती. अप्पांची नजर आधी त्या पिशवीवर गेली. तिची नजर आधी आंबिलीच्या मडक्यावर गेली.

“अप्पा, नमस्कार करते,” ती वाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “झालं का मॅडम तुमचं? मिळाला का आमच्या ईशाचा नमुना?”

प्रश्न साधाच होता, पण ती माझ्या हातातल्या डबीकडे जरा जास्तच टक लावून बघत होती. त्याचं कारण मला नंतर समजलं. त्या क्षणी मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पांडवांकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं. मग ते उठले आणि माझ्या हातातली डबी त्यांनी काढून घेतली.

“ही डबी माझी हाय,” ते म्हणाले. “नाव लेकराचं हाय, पण आतलं माझं हाय. लेकराचं दाखवायची छाती झाली न्हाई माझी. तिला रगत पडलालंय, शिवलीला. माझ्या आंबिलीनं झालंय. आता काय बोलायचं ते बोल.”

मुनीरभाई बांधावरून हळूच पलीकडे सरकले. शिवलीलाच्या तोंडाचा पट्टा गावात प्रसिद्ध होता, आणि आज तो सुटायला याहून मोठं कारण लागणार नव्हतं.

तिनं हेल्मेट खाली ठेवलं. पिशवी ठेवली. मग स्वतः कडब्यावर बसली, सगळा जोर निघून गेल्यासारखी.

“परत सुरू झालं का,” ती म्हणाली.

अप्पांना काही समजलं नाही. मलाही नाही.

“परत म्हंजी?”

“इथं आणून सोडायच्या आधीपासनं हाय, अप्पा. मार्चमध्ये पहिल्यांदा दिसलं. डॉक्टरनी औषध दिलं, थांबलं. मे महिन्यात परत पडलं. ते म्हणले, सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा, आतून तपासावं लागेल. मी न्हाई गेले.”

“कामून?” अप्पा ओरडले. “कामून न्हाई गेलीस?”

“दुबईला ह्यांना काय सांगू? तुम्हाला काय सांगू? तुम्ही काय म्हणला असता, अप्पा? खरं सांगा.”

अप्पा खाली बघून म्हणाले, “म्हणलो असतो, पाकिटं चारून चारून लेकराचं आतडं जाळलंस.”

“तेच. आणि मलाबी तेच वाटत होतं.” ती पदरानं तोंड पुसायला लागली, पण पुसायचं काही संपेना. “पहाटे उठून बिस्किटं दुधात बुडवायची न् पळायचं. बाराला शाळेतून येती, कुलूप काढून एकटी खाती. मी भाकरी कवा थापू? म्हणून आणून सोडली तुमच्यापाशी. तोंडानं लाख बोलले असेन मी तुमच्या भाकरीला, पण मनात होतं, ह्यांच्या हातचं खाऊन बरी होईल माझी लेक. आणि ताप थांबला की! दर रविवारी फोनवर इचारत होते, ईशू बरी हाय का. तुम्ही म्हणायचे, एक नंबर.”

“एक नंबर,” अप्पा पुटपुटले. “तसंच म्हणायचो मी. परवाबी म्हणलो.”

“मग मला वाटलं, गेलं. देवानं ऐकलं.”

दोघं एकमेकांसमोर बसले होते. मध्ये भरलेल्या पत्रावळी, थंड झालेले उंडे. मला काय करावं कळेना. मी उगीचच पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं. मला दोघांवरही ओरडावंसं वाटत होतं आणि दोघांच्याही जवळ जाऊन बसावंसं वाटत होतं.

ईशा आली तेव्हा तिला आई दिसली. एरवी पोर धावत जाऊन बिलगली असती. ही कोपीच्या दारातच थबकली. आईकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं, आणि दोघांचे डोळे बघून ओठ घट्ट मिटले. आईसारखेच.

“ईशू,” शिवलीला म्हणाली, “पोटात दुखतंय का गं?”

ईशानं अप्पांकडे बघितलं.

“सांग की, बाळा,” अप्पा म्हणाले.

ईशानं आईकडे बघितलं.

“सांग. कुणी रागवत न्हाई,” आई म्हणाली.

“तूच म्हणलीस ना,” ईशा हळू आवाजात म्हणाली, “अप्पांना सांगायचं न्हाई.”

शिवलीलानं मान खाली घातली.

“आणि अप्पा म्हणले, मम्मीला सांगायचं न्हाई.” ती बोटानं कडब्याची काडी सोलत होती. “म्हणून मी कुणालाच सांगितलं न्हाई.”

“कधीपासून पडतंय?” मीच विचारलं.

“नवरात्रापासनं.”

“आठ दिस झाले ना गं?” अप्पा म्हणाले. “मी बघितलं त्याला आठच दिस झालेत.”

“त्या दिवशी बादलीत पाणी नव्हतं,” ईशा म्हणाली. “एरवी मी पाणी टाकून द्यायची.”

अप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. नवरात्रापासून येळवशीपर्यंत सात वर्षांची पोर रोज बादलीभर पाणी टाकत होती, हसत होती, शाळेत जात होती, फोनवर आईला ‘एक नंबर’ म्हणत होती. मी शिकलेली बाई, पोटातल्या जिवाणूंची नावं पाठ असणारी, त्या कोपीत उभी राहून ढसाढसा रडले.

पुढं सगळं भराभर झालं. मुनीरभाईंना म्हटलं, पुणं राहू दे, सोलापूरला घ्या. ते म्हणाले, “बसा, बाई. गाडी उडवतो.” मी दाणी सरांना फोन केला आणि नमुना नाही म्हणून सांगितलं. ते का, का विचारत राहिले, तोवर रेंज गेली. येळवशीला सूर्य मावळायच्या आत कुणी शेत सोडत नाही. संध्याकाळी कोपीपाशी दूध उतू घालायचं असतं, पेटता पेंढा घेऊन शिवाराला फेरी मारायची असते. अप्पांनी आंबिलीचं मडकं उचलून शेजारच्या शेतात नेऊन ठेवलं. “माझ्या पांडवांपुढं तुमीच दूध उतू घाला,” एवढंच त्यांना म्हणाले आणि धोतर सावरत जीपकडे पळाले. एवढ्या वर्षांत हालग्यांची कोप त्या दिवशी पहिल्यांदा मालकाविना राहिली असेल.

सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून आतडं तपासलं, आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. शरीराची लढायची ताकद उलटून स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते, असा काहीसा आजार. आंबिलीनं झालं का, असं अप्पांनी विचारलं. पाकिटांनी झालं का, असं शिवलीलानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, अंगातच काही असतं, लहानपणी घेतलेली भारंभार औषधं असतात, खाणं असतं, आणि कशाचा किती वाटा ते आम्हालाही अजून नीट कळत नाही. मग चष्मा काढून त्यांनी दोघांना चांगलं झापलं. कशानं झालं यावर नव्हे, उशीर केला यावर.

ईशा आता कॉलेजात आहे. गोळ्या चालू आहेत, कधी बरं कधी वाईट, पण उभी आहे, हसते आहे. शिवलीलानं नंतर हरणखोरीतूनच लातूरला जा-ये सुरू केली, आणि भाकऱ्या अप्पाच थापत राहिले, थेट जाईपर्यंत. मी ती नोकरी पुढे सोडली. येळवशीला ईशाचा फोन येतो, मॅडम कधी येताय म्हणून. दर वर्षी मी येते म्हणते. कधी जाते, कधी राहून जातं.

पण मला राहून राहून आठवते ती जीप. पुढे मुनीरभाई, मागे आम्ही चौघं कोंबून बसलेलो. ईशा अप्पांच्या मांडीवर, पाय आईच्या मांडीवर. दोन्ही बाजूंच्या शेतांत कोपी, माणसं, पंगती, सगळीकडे सण. गाडी खड्ड्यात आदळली, की अप्पा मुनीरभाईंना ड्रायव्हिंग शिकवायचे. रडून रडून शिवलीलाचा चेहरा सुजला होता. माझ्या पायाशी बर्फाची पेटी, आत नुसतं पाणी आणि अप्पांच्या दोन डब्या.

अर्ध्या वाटेवर ईशा माझ्याकडे कलली. मी त्या घरातली नव्हते म्हणून असेल, तिनं माझ्या कानाला तोंड लावलं आणि विचारलं, “मॅडम, डॉक्टरला सांगायचं, का सांगायचं न्हाई?”

तिचं कुजबुजणं गाडीभर ऐकू गेलं. मी बोलायच्या आत अप्पा आणि शिवलीला एकदमच म्हणाले, “सांगायचं!”

ईशानं आधी आईकडे नीट बघितलं, मग मान वर करून अप्पांकडे बघितलं. दोघंही आपलं म्हणणं बदलत नाहीत याची खात्री झाल्यावर तिनं फ्रॉकवरून पोटावर दोन्ही हात ठेवले आणि भोकाड पसरलं.

“लई दुखतंय!”